सावकाराचा कर कोण भरतो?

कर्जाचा करार म्हटला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात : रक्कम किती आणि व्याज किती. बियाण्यासाठी गावच्या सावकाराकडून काढलेल्या हातउसन्यापासून परदेशी बँकेने एखाद्या वीज कंपनीला दिलेल्या कोट्यवधी डॉलरांपर्यंत हा परिपाठ सारखाच आहे. वर्तमानपत्रात बातमी येते तीही तेवढीच. परंतु परदेशी सावकाराशी होणाऱ्या करारात, शंभर-दीडशे पानांच्या मध्ये कोठेतरी, एक छोटे कलम असते. त्याचा मतलब असा : कर्जदाराने व्याजाची प्रत्येक रक्कम कोणताही कर वजा न करता पुरती द्यावी, आणि कायद्याने कर कापणे भागच पडले, तर सावकाराच्या हाती ठरलेली पूर्ण रक्कम पडेल इतकी जादा भर कर्जदाराने आपल्या पदरची घालावी. हे कलम हाच आजचा आमचा विषय आहे.

विषय रूक्ष आहे, हे आम्ही आधीच मान्य करतो. हिंगोलीसारख्या गावी हळदीच्या आणि सोयाबीनच्या भावाची चर्चा सोडून लंडन-टोकियोच्या सावकारांच्या कराची उठाठेव कशाला, असे कोणी विचारले तर ते वावगे म्हणता येणार नाही. त्याला आमचे उत्तर एवढेच की, हे कलम तीन वाटांनी आपल्या दारापर्यंत पोहोचते. आपल्या जिल्ह्यातील गावांत जागतिक बँकेच्या कर्जाचा पैसा आलेला आहे, ही पहिली वाट. विजेच्या दरात वीज कंपन्यांचे व्याज मिसळलेले असते, ही दुसरी. आणि कारखान्याच्या ताळेबंदात व्याजाचा आकडा फुगला की कामगाराचा बोनस आकसतो, ही तिसरी. कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना ही तिसरी वाट विशेष परिचयाची आहे.

पट्टीवरचा हिशोब

प्रथम करकपात म्हणजे काय ते पाहू. हिंगोलीच्या किंवा वसमतच्या मोंढ्यात हळद घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. माल काट्यावर चढतो, भाव ठरतो, आणि शेवटी हातात पट्टी पडते. पट्टीच्या वरच्या अंगाला ढोबळ रक्कम असते, मग हमाली, तोलाई वगैरे कपाती येतात, आणि तळाशी नक्त रक्कम येते. शेतकरी घरी नेतो ती नक्त रक्कम. सरकारही प्राप्तिकराच्या बाबतीत पुष्कळदा हीच रीत वापरते. ज्याला पैसा मिळणार त्याच्यामागे धावण्यापेक्षा, जो पैसा देणार त्यालाच सरकार सांगते की, तू देतानाच कर काप आणि आमच्या तिजोरीत भर. यालाच उगमाशी करकपात किंवा रोजच्या बोलण्यात टीडीएस म्हणतात. पगारदाराच्या पगारातून तो कापला जातो. निवृत्त शिक्षकाच्या मुदतठेवीवरील व्याज ठराविक मर्यादेबाहेर गेले की बँक त्यातून १० टक्के कापून घेते. वर्षअखेर त्याच्या उत्पन्नावर तेवढा कर बसत नसेल तर विवरणपत्र भरून तो ही रक्कम परत मागू शकतो.

परदेशी सावकाराच्या बाबतीत ही रीत अधिकच आवश्यक ठरते. तो येथे राहत नाही, त्याचे दुकान येथे नाही. व्याजाचा पैसा एकदा समुद्रापलीकडे गेला की आपल्या प्राप्तिकर अधिकाऱ्याचा हात तेथे पोहोचत नाही. म्हणून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९५ ने, परदेशी व्यक्तीला करपात्र व्याज देणाऱ्यावरच कर कापण्याची जबाबदारी टाकली. कर न कापता व्याज पाठवले तर ते व्याज खर्च म्हणून मान्य होत नाही, आणि न कापलेल्या कराची वसुली कर्जदाराकडून होते. १९६१ च्या त्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने १ एप्रिल २०२६ पासून घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, तरी कापणाऱ्यावर जबाबदारी टाकण्याचे मूळ तत्त्व तेच राहिले.

सावकाराला अर्थातच ही कपात नको असते. तो म्हणतो, मला ८ टक्के म्हणजे ८ टक्के हातात हवेत. तुमच्या देशाचा कर हा तुमचा प्रश्न. हमाली-तोलाई काहीही असो, मला पट्टीच्या तळाशी अमुकच आकडा दिसला पाहिजे, असे म्हणणाऱ्या बड्या व्यापाऱ्यासारखा हा पवित्रा आहे. ही मागणी दोन तऱ्हांनी पुरी होते. एक, सरकारने कायद्याने किंवा तहाने सावकाराला करातून सूट द्यावी. दोन, सरकार सूट देत नसेल तर कर्जदाराने तो कर आपल्या खिशातून भरावा. या दुसऱ्या तऱ्हेला बँकांच्या व्यवहारात ग्रॉस-अप म्हणतात. आम्ही तिला भरपाईचे कलम म्हणू.

एक उदाहरण

समजा, एका कंपनीने परदेशी बँकेकडून १०० कोटी रुपयांइतके कर्ज ८ टक्के व्याजाने घेतले. वर्षाचे व्याज ८ कोटी. अधिभार आणि उपकर बाजूला ठेवून कराचा दर २० टक्के धरू. भरपाईचे कलम नसेल तर कंपनी १ कोटी ६० लाख कर कापून तिजोरीत भरील, आणि बँकेच्या हाती ६ कोटी ४० लाख पडतील.

भरपाईचे कलम असेल तर हिशोब वेगळा होतो. बँकेच्या हाती नक्त ८ कोटी पडले पाहिजेत. सहज वाटते की कंपनीने वर १ कोटी ६० लाख दिले म्हणजे झाले. पण तसे नाही. कंपनीने सावकाराचा जो कर भरला तो सावकाराला झालेला फायदाच धरला जातो आणि त्यावरही कर बसतो. १९६१ च्या कायद्याच्या कलम १९५ अ मध्ये हेच सांगितले होते. म्हणून अशी ढोबळ रक्कम काढावी लागते की जिच्यातून २० टक्के गेल्यावर ८ कोटी उरतील. ती रक्कम १० कोटी. म्हणजे कर २ कोटी, आणि तो सर्वस्वी कर्जदाराच्या माथी. कागदावर ८ टक्क्यांचे असलेले कर्ज प्रत्यक्षात १० टक्क्यांना पडले. कराचा दर १० टक्के असेल तर जादा भार सुमारे ८८ लाख ८९ हजारांचा येतो. ५ टक्के असेल तर सुमारे ४२ लाख १० हजारांचा.

येथे एका गोष्टीकडे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. सरकारने पूर्ण सूट दिली तर सावकाराच्या हाती ८ कोटी पडतात आणि तूट तिजोरीला येते. सूट दिली नाही पण भरपाईचे कलम असले, तरी सावकाराच्या हाती ८ कोटीच पडतात. तूट कर्जदाराला येते. भरपाईचे कलम नाही, पण सावकाराने कर जमेस धरून व्याजच १० टक्के लावले, तरी त्याच्या हाती ८ कोटी ते ८ कोटीच. कायदा कराचे नाव सावकाराच्या खात्यावर लिहितो. बाजार तो कोणाच्या तरी पाठीवर ठेवतो. २०१६ साली आपल्या राज्यात फळे-भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी हीच शंका काढली होती : खरेदीदार ती भावात वळती करून घेणार नाही कशावरून? ज्याला गरज अधिक त्याच्या पाठीवर ओझे जाते, हा मोंढ्याचा नियम परदेशी कर्जालाही लागू आहे.

जुना इतिहास, आपल्याच गावचा

सावकाराला कायद्यातून खास सूट मिळवून देण्याची रीत काही आजची नाही. तिचा एक धागा प्रत्यक्ष हिंगोलीशी येऊन मिळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज पार्लमेंटने असा निर्बंध घातला होता की, सरकारच्या परवानगीवाचून कोणा इंग्रज माणसाने हिंदी संस्थानिकांना कर्ज देऊ नये. हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीला मात्र गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याच्या कारकिर्दीत, १८१६ साली, त्या निर्बंधातून मोकळीक मिळाली. मग निजामाच्या दरबाराला या पेढीने भारी व्याजाची कर्जे दिली. १८२० सालचे ६० लाखांचे कर्ज तर विशेष गाजले. रेसिडेंट चार्लस मेटकाफ याने त्या व्यवहारातील गैरप्रकार उघड केले आणि पुढे पेढी बुडाली. परंतु कर्जाचे चक्र थांबले नाही. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील कंटिंजंट फौजेचा खर्च निजामावर बसत राहिला, थकबाकी साचत गेली, आणि १८५३ च्या तहाने त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. त्या कंटिंजंट फौजेची एक छावणी आपल्या हिंगोलीस होती. ही हकीकत करकपातीची नव्हे. पण सावकाराला मिळालेल्या एका सवलतीच्या कागदामागून काय काय येऊ शकते, हे या मातीने पाहिलेले आहे, इतकेच त्यावरून ध्यानात घ्यावे.

जागतिक बँकेची गोष्ट निराळी

आता सर्व सूट एकाच मापाने मोजणे बरोबर होणार नाही. प्रथम जागतिक बँक घेऊ. १९४४ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे या बँकेची घटना ठरली. तेथे गेलेल्या हिंदी शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. बँकेच्या घटनेतच असे लिहिले आहे की, बँकेची मालमत्ता, तिचे उत्पन्न आणि तिचे व्यवहार यांवर सभासद देशांनी कर बसवू नये, आणि कर गोळा करण्याची जबाबदारीही बँकेवर टाकू नये. हिंदुस्थानात १९४५ च्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व बँक कायद्याने या तरतुदींना बळ मिळाले. आशियाई विकास बँकेसाठी असाच कायदा १९६६ साली झाला. १९५९ साली कोयनेच्या वीजप्रकल्पाला जागतिक बँकेचे कर्ज मिळाले ते याच चौकटीत.

आपल्या जिल्ह्यापुरते पाहायचे तर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प घ्यावा. त्यासाठी जागतिक बँकेने २०१८ साली ४२ कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले. सुमारे ४,००० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव मिळून १५ जिल्हे घेतले, त्यांत हिंगोली होता. शेततळी, ठिबक, बीजोत्पादन अशा कामांना त्यातून साहाय्य मिळाले. या कर्जाच्या सर्वसाधारण अटींतही व्याज व इतर आकार करकपातीवाचून द्यावेत असे कलम असतेच.

हे कलम आम्हाला जाचक वाटत नाही. त्याची कारणे दोन. आपल्या राज्यघटनेच्या कलम २९३ प्रमाणे राज्य सरकारला देशाबाहेर कर्ज काढता येत नाही. असे कर्ज केंद्र सरकार काढते आणि राज्याकडे सोपवते. म्हणजे कर्जदार सरकारच, आणि कर घेणारेही सरकारच. सरकारने बँकेला व्याज देताना कर कापायचा, आणि बँकेने तो व्याजात चढवून घ्यायचा, हे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालण्यासारखे झाले असते. दुसरे असे की, ही बँक सभासद देशांच्या मालकीची आहे आणि भारतही त्या मालकांपैकी एक आहे. एका सभासदाने सर्वांच्या सामाईक संस्थेवर कर बसवू नये, हा साधा व्यवहार आहे. जपानशी झालेल्या करविषयक तहातही, जपान सरकारच्या ठराविक वित्तसंस्थांना मिळणारे व्याज आपल्याकडे करमुक्त ठेवले आहे. अशा कर्जांत आपण काळजी करावी ती दुसऱ्याच गोष्टीची. २००५ पासून सर्वसाधारण राज्यांना परकीय कर्ज ज्या अटींवर आले त्याच अटींवर सोपवले जाते, म्हणून डॉलर महागला तर त्याचा भार राज्यावर पडतो.

खासगी सावकाराची सूट

खरा वाद आहे तो खासगी बँकांच्या आणि खासगी कर्जदारांच्या बाबतीत. स्वातंत्र्यानंतर यंत्रसामग्री परदेशातून आणायची होती आणि परकीय चलनाची सदैव चणचण होती. म्हणून १९६१ च्या कायद्याच्या कलम १० मधील पोटकलम १५ ने परदेशी कर्जाच्या व्याजाला अनेक प्रकारची सूट दिली. सरकारने किंवा स्थानिक संस्थेने घेतलेले कर्ज, उद्योगाने मान्यताप्राप्त परदेशी वित्तसंस्थेकडून घेतलेले कर्ज, कच्चा माल व यंत्रे उधारीने आणताना झालेले देणे, असे ते प्रकार होते. त्यांतील काहींना केंद्र सरकारची मंजुरी लागे. ही सूट कित्येक दशके चालली. पुढे २००१ च्या वित्त कायद्याने या प्रकारांना १ जून २००१ ची मर्यादा घातली; त्यानंतरच्या नव्या कर्जांना ती सूट राहिली नाही.

सूट देण्याच्या बाजूनेही एक वजनदार मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. परदेशी बँकेवर हा कर बसतो तो तिच्या नफ्यावर नव्हे, तर ढोबळ व्याजावर. समजा, बँकेने स्वतः ५ टक्क्यांनी पैसा उचलला आणि ६ टक्क्यांनी आपल्या कंपनीला दिला. १०० कोटींवर तिला ६ कोटी व्याज आले, ५ कोटी तिने ठेवीदारांना दिले. कमाई १ कोटीची. ढोबळ व्याजावर १० टक्के कर म्हणजे ६० लाख, अर्थात कमाईच्या ६० टक्के. २० टक्के दराने तर १ कोटी २० लाख, म्हणजे कमाईपेक्षाही अधिक. असा धंदा कोणी करणार नाही. तो कर्ज तरी नाकारील, नाहीतर कर कर्जदारावर ढकलील. म्हणूनच देशादेशांमधील तहांत व्याजावरील कराला खालची मर्यादा घातलेली असते. जपान व जर्मनीशी झालेल्या तहांत ती १० टक्के आहे. अमेरिका व इंग्लंडशी झालेल्या तहांत बँकांसाठी १० टक्के आणि इतर बहुतेकांसाठी १५ टक्के आहे.

तथापि या मुद्द्याला दुसरी बाजू आहे. सावकाराच्या मायदेशी त्याच्या कमाईवर कर बसतोच. आपल्याकडे भरलेला कर तेथे वजा करून घेण्याची सोय बहुधा असते. वरच्या उदाहरणात १ कोटी कमाईवर मायदेशी २५ टक्के कर असेल, तर २५ लाखांपर्यंतचा आपला कर तेथे वजावटीत जाईल. सावकाराला त्याची झळ लागणार नाही. तेवढाही कर आपण सोडून दिला, तर ते २५ लाख सावकार आपल्या सरकारला भरील. म्हणजे आपली तिजोरी रिकामी करून आपण दुसऱ्या देशाची तिजोरी भरली, असे होते. हा घोटाळा टाळण्यासाठी काही तहांत अशी युक्ती केली की, भारताने सोडून दिलेला कर भरलाच आहे असे समजून मायदेशाने वजावट द्यावी. अमेरिकेला ही युक्ती रुचली नाही. १९५९ साली भारत-अमेरिका तहावर सह्या झाल्या, त्यात अशी तरतूद होती. तो तह अमलात आलाच नाही. पुढे १९८९ साली तह झाला तो या तरतुदीवाचून.

यावरून एक निकष हाती लागतो. ज्या सुटीने कर्ज खरोखर स्वस्त होते ती सूट विचारात घ्यावी. जिने केवळ परक्या सरकारचे उत्पन्न वाढते ती सूट म्हणजे दानधर्म.

२०१२ साली सरकारने मधला मार्ग काढला. १ जुलै २०१२ पासून ठराविक अटींवर घेतलेल्या परकीय चलनातील कर्जाच्या व्याजावर, २० टक्क्यांऐवजी ५ टक्के दर ठेवला. सवलत तीन वर्षांपुरती होती, पण मुदतवाढ मिळत मिळत ती ३० जून २०२३ पर्यंत घेतलेल्या कर्जांना लागू राहिली. त्यानंतरच्या सर्वसाधारण नव्या कर्जांना पुन्हा कायद्याचा २० टक्के दर, अथवा तहातील खालचा दर, एवढेच पर्याय उरले. ५ टक्क्यांच्या काळात भरपाईचे कलम कर्जदाराला हलके वाटे. दर चढल्यावर त्याच कलमाचे वजन दुप्पट-चौपट झाले.

आणखी एक बाब सांगितली पाहिजे. परदेशी कर्ज किती महाग घ्यावे याला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली होती. पण तिच्या २०१९ च्या आदेशात, कर्जदाराने रुपयात भरलेला हा सावकाराचा कर त्या एकूण खर्चात धरायचा नाही, असे स्पष्ट म्हटले होते. म्हणजे जो खर्च कर्जदाराला प्रत्यक्ष सोसावा लागे, तोच मोजपट्टीच्या बाहेर राही. कर्ज मर्यादेत आहे असे कागद सांगे आणि खिसा निराळेच सांगे.

शेवटी पाठ कोणाची?

खासगी कर्जदारावर बसलेला हा भार तेथेच थांबतो काय? वीजदर ठरवण्याची पद्धत पाहा. दराचा एक भाग स्थिर आकाराचा असतो आणि त्यात कर्जावरील व्याज धरलेले असते. व्याजाचा मान्य खर्च वाढला की तो दरात उतरतो, आणि मग पिठाची गिरणी, हळद पॉलिश करणारे यंत्र, शेतातील पंप यांच्या बिलांतून तो वसूल होतो. कोणत्याही बिलावर 'परदेशी सावकाराचा कर' अशी ओळ छापलेली नसते, म्हणून तो कोणाला दिसत नाही.

कामगाराचे तसेच. १९६५ च्या बोनस कायद्याने बोनस ठरे तो नफ्यातून काढलेल्या शिलकीवर, किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के. हा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे; बोनसच्या मर्यादा त्याच आहेत. नफा काढताना व्याज खर्चात जाते आणि भरपाईचा करही त्याच्याबरोबर जातो. वरच्या उदाहरणातील २ कोटी रुपये ताळेबंदात 'वित्तीय खर्च' या एका शब्दाच्या आड बसतात. वाटाघाटीला बसल्यावर व्यवस्थापन म्हणते, यंदा व्याजाचा बोजा फार. कामगार प्रतिनिधी मान डोलावतो, कारण व्याज म्हणजे व्याज, त्यात विचारायचे काय?

आमचे म्हणणे असे की, तेथेच विचारायचे असते. जुन्या बोनस कायद्याच्या कलम २३ ने, तपासलेल्या हिशोबातील एखाद्या बाबीचा खुलासा संबंधित अधिकाऱ्यामार्फत मागण्याची वाट कामगार संघटनेला ठेवली होती. तिचा उपयोग फार थोड्यांनी केला. खुलासा मागताना शत्रुत्वाची भाषा लागत नाही. साधे प्रश्न पुरेत. या व्याजात सावकाराचा कर किती आहे? कर्ज घेताना कराचा दर काय होता आणि आज काय आहे? सावकाराला आपण भरलेल्या कराचे प्रमाणपत्र दिले काय, आणि त्यावर त्याने मायदेशी वजावट मिळवली असेल तर ती आपल्याला परत मिळते काय? सावकाराने हे कर्ज दुसऱ्या देशातील बँकेला विकले आणि तेथे तहाचा लाभ नसला, तर वाढलेला कर कोण सोसणार? कराचा दर चढला तर दंडावाचून कर्ज फेडून मोकळे होण्याचा हक्क आपल्याला आहे काय? चांगल्या करारात या प्रत्येक प्रश्नाला कर्जदाराच्या हिताचे उत्तर लिहून घेता येते. लंडनच्या कर्जबाजारात वापरल्या जाणाऱ्या नमुना करारांतही अशी कलमे आढळतात. ती मागितल्याशिवाय मात्र मिळत नाहीत.

मागण्यासाठी आधी माहीत हवे, आणि माहीत होण्यासाठी करार उघड हवा. या बाबतीत महाराष्ट्राला एक महाग धडा मिळालेला आहे. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. त्याच्या अटींची खरी चर्चा झाली ती वाद पेटल्यावर. १९९५ साली प्रकल्प रद्द झाला, १९९६ साली फेरवाटाघाटीनंतर पुन्हा उभा राहिला. सिटू या कामगार संघटनेने उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, पण ती याचिका फेटाळली गेली. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि मे २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले. त्या करारात डॉलरशी बांधलेल्या रकमा होत्या आणि रुपया घसरला की बिल चढे. अटी वाईट होत्या की चांगल्या, हा वाद बाजूला ठेवला तरी, सही झाल्यावर अटी वाचण्याचा उपयोग किती थोडा, हे त्या प्रकरणाने सर्वांना शिकवले.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. परदेशी सावकाराला सूट कधीच देऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. जागतिक बँकेसारख्या संस्थेची सूट रास्त आहे. खासगी बँकेच्या ढोबळ व्याजावर अवाच्या सवा कर बसवणे म्हणजे आपल्याच कर्जदाराला दंड करणे होय, हेही आम्हाला पटते. पण जेथे सूट द्यायची तेथे ती मुदतीची असावी, तिचे कारण लिहिलेले असावे, आणि तिने तिजोरीचे किती उत्पन्न बुडाले ते आकड्यात सांगितले जावे. करसवलतींमुळे सोडून दिलेल्या महसुलाचा तक्ता केंद्र सरकार अर्थसंकल्पाबरोबर गेली कित्येक वर्षे मांडत आले आहे. परदेशी व्याजावरील सवलतीला त्यात ठळक आणि वेगळी ओळ मिळावी. आणि जेथे सूट नाही पण भरपाईचे कलम आहे, तेथे सार्वजनिक सेवा देणाऱ्या प्रत्येक कंपनीने वर्षाला सावकाराचा कर म्हणून किती रक्कम भरली, ती व्याजापासून वेगळी करून छापावी. त्यासाठी जास्तीची एक ओळ पुरे आहे.

मोंढ्यातील शेतकऱ्याने पट्टीवर प्रत्येक कपात वेगळी लिहून मागितली तेव्हा ती त्याला कोणी आपण होऊन दिली नव्हती. हमालाच्या कामाला कायद्याचा आधार मिळाला तो १९६९ च्या माथाडी कायद्याने, आणि तोही मागितल्यावर. देशाच्या कर्जाची पट्टी नागरिकांनी अशीच मागावी. वरचा ढोबळ आकडा आणि तळाचा नक्त आकडा यांच्यामध्ये ज्या ओळी असतात, त्या आपणच भरत असतो.